जुन्या टेनामेंटची वायर आणि नवा एसी

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी आमच्या गल्लीत मासळीचा वास सुटला. बडोद्यातल्या मांजलपूरची आमची सोसायटी बावीस टेनामेंटची, म्हणजे एकाला एक लागून बांधलेल्या घरांची. त्यात मराठी घरं पाच आणि मासे खाणारं घर एकच, आमचं. शेजारच्या भाभी नाकाला पदर लावून ओटल्यावर आल्या आणि त्यांनी सरळ आमच्या दाराकडे पाहिलं. त्यांचा मुलगा म्हणाला, "काका, आज काय पापलेट?" आमच्याकडे त्या दिवशी मुगाची खिचडी होती.

वास त्यांच्याच बेडरूममधून येत होता. एसीच्या बोर्डाची पांढरी प्लेट एका कोपऱ्यात चहाच्या डागासारखी तपकिरी झाली होती. मेन बंद करून प्लेट उघडली तर सॉकेटच्या मागे वायरचं आवरण बोटभर करपलेलं, आणि पितळी स्क्रू निळसर काळा पडलेला. स्विच, सॉकेट, होल्डर ज्या बेकेलाइटसारख्या पदार्थांचे बनतात ते तापले की अगदी असाच, मासळीसारखा नाहीतर मुतारीसारखा वास येतो. घरात मासे नसताना असा वास आला तर आधी बोर्ड तपासा, एवढं तरी या लेखातून लक्षात ठेवा.

मी एकतीस वर्षं मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मर तपासले. आमच्या बडोद्यात तंत्रशिक्षण देणारं कलाभवन १८९०पासून उभं आहे, विजेच्या उपकरणांची कसोटी घेणारी एर्डासारखी संस्था आहे, इथले ट्रान्सफॉर्मर देशभर जातात. आणि माझ्या स्वतःच्या घरात रिटायर होईपर्यंत धड अर्थिंग नव्हतं. का, तर "चाले छे ने!" हे वाक्य बडोद्यात गुजरात्यांइतकंच मराठी माणसाच्याही तोंडी बसलंय. दिवा लागतो, पंखा फिरतो, म्हणजे वायरिंग ठीक. तसं ते नसतं. वायरिंग बिघडलेलं असलं तरी दिवा लागतोच, शेवटच्या दिवसापर्यंत लागतो.

आधी अगाशीवरची टाकी

वीज समजायला अगाशीवरची पाण्याची टाकी बरी. टाकी जितकी उंच तितका नळाला जोर. तो जोर म्हणजे व्होल्टेज, आपल्या घरात २३० व्होल्ट. नळातून प्रत्यक्ष किती पाणी वाहतं ते म्हणजे करंट, अँपिअरमध्ये मोजतात. आणि पाइप म्हणजे वायर. पाइप बारीक असला तर पाणी कमी येईल, इतकंच. वायरचं मात्र तसं नाही. एसीला जेवढा करंट लागतो तेवढा तो बारीक वायरमधूनही ओढून घेतो आणि वायर तापते. इथे टाकीची उपमा संपली.

वायर किती तापते याचा हिशेब सोपा आहे आणि बहुतेकांना तो माहीत नसतो. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. तिप्पट झाला की नऊपट. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत टिकेल अशा बेताने बनवलेलं असतं. त्यावर ते रोज थोडं थोडं शेकत राहिलं की कडक होतं, तडकतं आणि हात लावला की पापडासारखं तुटतं. मे महिन्यात आपल्या पश्चिमेच्या भिंती मुळातच हातभर आत तापलेल्या असतात, ते वेगळंच.

तेव्हाचं घर, आताचं घर

आमचं टेनामेंट १९७९चं. तेव्हा घरात काय होतं? साठ वॅटचे चार बल्ब, तीन पंखे, एक ट्यूबलाइट, एक रेडिओ. सगळं एकदम लावलं तरी पाचसाडेपाचशे वॅट, म्हणजे साधारण सव्वादोन अँपिअर. इस्त्री लावली की आई पंखा बंद करायची. त्यात शास्त्र कमी आणि लाइटबिलाची धास्ती जास्त, पण वायरला तेवढाच विसावा मिळायचा.

आता मे महिन्यातली रात्र घ्या. दीड टनाचे दोन एसी, प्रत्येकी सोळाशे वॅट धरा. फ्रिज, पंखे, दिवे मिळून पाचशे. खाली पोर्चमध्ये चार्जिंगला लावलेली स्कूटर, सातआठशे. झाले साडेचार हजार वॅट, म्हणजे वीस अँपिअर. सकाळी दोन हजार वॅटचा गीझर आणि पाण्याची मोटर एकदम चालली की आणखी बारा. मीटरपासून आत येणारी मुख्य वायर १९७९चीच असेल, तर तिच्यातून दहापट करंट चाललाय. दहापट करंट म्हणजे शंभरपट उष्णता.

शिवाय त्या काळची वायर बहुतेक घरांत अॅल्युमिनियमची. तांबं बाहेरून आणावं लागे, म्हणून अॅल्युमिनियम वापरत. त्याची वीज वाहायची कुवत तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच जाडीची वायर, पण काम कमी. जुने वायरमन अजून "तीन बावीस", "सात वीस" असं बोलतात, म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा, वीस गेजच्या सात तारा. हल्ली हिशेब चौरस मिलिमीटरचा. दिव्या-पंख्याला दीड, सोळा अँपिअरच्या पॉवर प्लगला अडीच, एसी आणि गीझरला चार, आणि मेनला सहा किंवा दहा. वायर घेताना त्यावर आयएसआयचं चिन्ह आणि आयएस ६९४ असं छापलेलं बघा. वायरवर ते चिन्ह असणं सक्तीचंच आहे, तरी बाजारात नुसत्या रंगावर विकली जाणारी वायर मिळतेच.

जळतो तो जोड

भिंतीतली वायर सरसकट तापून आग लागते असं लोकांना वाटतं. तसंही होतं, पण क्वचित. बहुतेक वेळा करपतो तो जोड. सॉकेटचा ढिला स्क्रू, दोन वायरींना पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळलेला सांधा, मीटरच्या खालचं टोक.

भाभींच्या बोर्डात तेच झालं होतं. एसीवाल्याने तांब्याची नवी वायर आणली आणि भिंतीतल्या जुन्या अॅल्युमिनियमच्या वायरला पीळ देऊन जोडली. हे दोन धातू एकत्र नांदत नाहीत. हवेतला ओलावा लागला की जोडावर गंज धरतो. अॅल्युमिनियमवर हवेत आपोआप एक पातळ थर चढतो आणि त्यातून वीज नीट जात नाही. त्यात अॅल्युमिनियम मऊ. स्क्रूखाली दाबलं की हळूहळू दबत सरकतं, आणि आज घट्ट आवळलेला स्क्रू दोन वर्षांनी ढिला निघतो.

ढिल्या जोडात किती उष्णता होते ते आकड्यात बघा. जोडाचा विरोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, समजा अर्धा ओहम झाला आणि एसीचे आठ अँपिअर त्यातून चालले, तर त्या एका ठिकाणी बत्तीस वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याचा सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचा असतो. म्हणजे भिंतीत, लाकडी बोर्डाच्या आत, बोटभर जागेत रात्रभर एक सोल्डरिंग आयर्न लावून आपण गाढ झोपलेलो असतो. आणि एसीला मात्र काही कळत नाही. त्याला दोनचार व्होल्ट कमी मिळाले तरी तो थंड हवा देतच राहतो.

उपाय महाग नाही. एसी आणि गीझरला डीबीपासून, म्हणजे घरातल्या खटक्यांच्या मुख्य पेटीपासून, थेट, मध्ये एकही सांधा नसलेली तांब्याची वायर. जिथे अॅल्युमिनियम काढता येत नाही तिथे दोन धातूंसाठी बनवलेला कनेक्टर, नुसता पीळ नाही. आणि वर्षातून एकदा, उन्हाळ्याआधी, मेन बंद करून सगळ्या जड सॉकेटचे स्क्रू आवळून घेणं. आमचे वायरमनभाई हे काम होळीनंतर करतात. घरटी पाऊण तास पुरतो.

"एमसीबी आहे ना आमच्याकडे!"

पूर्वी चिनी मातीचा पांढरा किट-कॅट फ्यूज असायचा. त्यात ठरावीक जाडीची बारीक तार. करंट वाढला की तार वितळायची, घरात अंधार. मग वडील मेणबत्ती धरायचे आणि मी वायरचा एक केस काढून गुंडाळायचो. पुन्हा उडाला की दोन केस, मग तीन. तिसऱ्या केसानंतर फ्यूज कधीच उडायचा नाही आणि आम्ही खूश. तो फ्यूज तेव्हा फ्यूज उरलेलाच नसायचा, हे मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कळलं.

एमसीबी म्हणजे त्याच फ्यूजचा आपोआप पडणारा, पुन्हा चढवता येणारा भाऊ. त्याच्या पोटात दोन यंत्रणा असतात. एक तापून वाकणारी धातूची पट्टी, ती हळूहळू वाढलेल्या लोडसाठी. दुसरं चुंबक, ते शॉर्टसर्किट झालं की क्षणात खटका पाडतं. पट्टी सावकाश काम करते. सोळा अँपिअरच्या एमसीबीतून अठरा अँपिअर चालले तर तो पडणारच नाही, तेवीस चालले तर तासाभराच्या आत पडेल. ही त्याची खोड नाही, त्याची प्रमाणित व्याख्याच तशी आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. एमसीबीचा आकडा वायरवरून ठरतो, एसीवरून नाही. "सारखा पडतोय, बत्तीसचा लावून द्या" असं सांगणं म्हणजे आम्ही फ्यूजमध्ये तीन केस घालायचो तेच, फक्त चकचकीत डब्यात. पडणारा एमसीबी तक्रार करत असतो. तक्रार ऐकायची, त्याचं तोंड बांधायचं नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. नऊ वॅटचा एलईडी बल्ब साधारण चाळीस मिलीअँपिअर घेतो. तेवढा करंट काही सेकंद छातीतून गेला तर माणसाचं हृदय लय सोडू शकतं. सोळा अँपिअर म्हणजे सोळा हजार मिलीअँपिअर. तुम्हाला शॉक बसतोय, ही बातमी एमसीबीपर्यंत पोचतच नाही.

जमिनीतला तो खड्डा

माणसाला वाचवायचं काम अर्थिंगपासून सुरू होतं. थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन फ्रिजच्या, गीझरच्या लोखंडी अंगाला जोडलेली असते. तिथून हिरवी वायर अंगणातल्या खड्ड्यात, जमिनीत पुरलेल्या पाइपला किंवा पत्र्याच्या प्लेटला जाते. आत कुठे फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, उघडी पडून अंगाला टेकली, तर वीज तुमच्यातून जाण्याऐवजी या सोप्या वाटेने जमिनीत जावी, एवढाच हेतू.

आमच्या सोसायटीत प्रत्येक टेनामेंटच्या मागच्या अंगणात असा खड्डा होता. कोळसा, मीठ आणि लोखंडी पाइप. माझी आई उन्हाळ्यात तुळशीला पाणी घातलं की उरलेला तांब्या त्या पाइपमध्ये ओतायची. कुणी सांगितलं होतं ते तिलाही आठवत नव्हतं. पण ते बरोबर होतं. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपपासून सुटते आणि कोरडी माती वीज नीट घेत नाही. पुढे अंगणात पेव्हर ब्लॉक आले, खड्डा खाली गेला, तांब्याही थांबला. मिठाने पाइप खाल्ला तो निराळा. मी जेव्हा उकरून पाहिला तेव्हा दोन फुटांखाली पाइप नव्हताच, नुसता गंजाचा भुगा होता. वर हिरवी वायर मात्र ऐटीत जोडलेली.

समजा खड्डा आहे पण कोरडा आहे, त्याचा विरोध वीस ओहम. गीझरच्या अंगावर फेज आली. तर जमिनीत जाणारा करंट २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. सोळाचा एमसीबी जागचा हलणार नाही. गीझर तसाच जिवंत राहील आणि नळाला हात लावणाऱ्याची वाट बघेल. खड्ड्याचा विरोध पाच ओहमच्या खाली असावा म्हणतात तो यासाठी. आणि तेवढ्यावरही भागत नाही, ते पुढे.

त्याआधी एक लबाडी सांगितली पाहिजे, कारण ती जुन्या घरांत सर्रास सापडते. घरात अर्थची वायरच नसते, आणि नव्या वॉशिंग मशीनचा माणूस "अर्थिंग नाही तर वॉरंटी नाही" म्हणतो. मग कुणीतरी सॉकेटच्या आत अर्थच्या पिनेतून न्यूट्रलला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरला, एक छोटा तुकडा जोडून देतं. मीटर लावून पाहिलं तर अर्थिंग उत्तम दिसतं. ज्या दिवशी न्यूट्रलची वायर कुठे सुटेल, त्या दिवशी मशीनच्या संपूर्ण अंगावर २३० व्होल्ट येतील. अर्थिंग नसण्यापेक्षा हे वाईट. आमच्या गल्लीत बावीसपैकी सहा घरांत हा तुकडा मी स्वतःच्या हाताने काढला.

आणि तो खिशातला टेस्टर. तो फक्त फेज आहे की नाही ते सांगतो. न्यूट्रल धड आहे का, अर्थ खरा आहे का, यातलं त्याला काही कळत नाही.

तीस मिलीअँपिअरचा पहारेकरी

आरसीसीबी नावाचा खटका डीबीत एमसीबीच्या शेजारी बसतो. त्याचं काम लग्नातल्या पंगतीच्या वाढप्यासारखं. आत किती ताटं गेली आणि बाहेर किती आली, ते मोजायचं. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. तीस मिलीअँपिअरचा फरक पडला म्हणजे वीज तिसऱ्याच वाटेने, कदाचित माणसातून, जमिनीत जातेय. तो फार तर ३०० मिलिसेकंदांत, आणि गळती मोठी असेल तर त्याहून कितीतरी लवकर, सगळी लाइन तोडतो.

शॉक बसतच नाही असं नाही. झटका लागतो, पण चिकटून राहायला वेळ मिळत नाही. कोरड्या खड्ड्याच्या उदाहरणात साडेअकरा अँपिअर जमिनीत जात होते. आरसीसीबीला त्याचा साडेतीनशेवा हिस्सासुद्धा पुरला असता. गीझर बिघडल्याक्षणी तो पडला असता, कुणी नळाला हात लावायच्या आधी.

त्याच्याही मर्यादा आहेत. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरली तर त्याच्या लेखी तुम्ही एक बल्ब आहात, तो पडणार नाही. लोड जास्त झालं तरी पडणार नाही, ते एमसीबीचं काम. म्हणून दोन्ही लागतात. आणि त्याच्यावर एक टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर नाही पडला तर तो मेलेला आहे, बदला. आमच्याकडे हे काम सौ. संकष्टीला करते. तिची आठवण ठेवायची पद्धत.

"लावला होता, पण सारखा पडायचा, म्हणून काढला"

ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो, आणि ती खोटी नसते. जुन्या घरात आरसीसीबी लावला की पहिल्या पावसात तो हटकून पडतो. पण दोष त्याचा नसतो.

बहुतेक वेळा भानगड न्यूट्रलची असते. जुन्या काळी वायर वाचवायला वायरमन जवळच्या कुठल्याही बोर्डातून न्यूट्रल उचलायचे. हॉलच्या दिव्याची फेज एका सर्किटची, न्यूट्रल दुसऱ्याची. इन्व्हर्टर बसवताना तर हा गोंधळ आणखी वाढतो. मोजणाऱ्याचा हिशेब कसा जुळणार? ताटं एका दारातून आत गेली, दुसऱ्या दारातून बाहेर. तो ओरडणारच. यात धोका नसेलही, पण न्यूट्रल वेगळ्या केल्याशिवाय तो शांत बसणार नाही.

दुसरं कारण खरीखुरी गळती. गीझरची कॉइल फुटायला आली असेल, ओल्या भिंतीत आवरण फाटलं असेल, मोटरच्या पोटात पाणी गेलं असेल. एकेक एमसीबी पाडून, एकेक प्लग काढून शोधता येतं. आमच्याकडे गुन्हेगार निघाली अगाशीवरची पाण्याची मोटर. नवी वायर टाकली आणि विषय मिटला.

ज्याला नेमकं उत्तर हवं त्याने वायरमनला मेगर आणायला सांगावं. मेगर म्हणजे वायरच्या आवरणावर ५०० व्होल्ट टाकून ते किती घट्ट आहे ते मोजणारं यंत्र. आकडा एक मेगओहमच्या खाली आला तर ती वायर बदलायची. मेगर नसलेला माणूस "सगळी वायरिंग खराब आहे, बदला" म्हणत असेल तर थोडं थांबा. तो अंदाजावर बोलतोय.

मग बिल का वाढलं?

२०२४च्या मे महिन्यात बडोद्यात स्मार्ट मीटरवरून मोर्चे निघाले ते आठवत असेल. तेव्हापासून मला रस्त्यात थांबवून लोक एकच विचारतात, मीटर चोर आहे की घर?

मी मीटरची वकिली करणार नाही, पण तपासायची रीत सांगतो. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी, उदाहरणार्थ, "३२०० इम्पल्स प्रति युनिट" असं छापलेलं असतं. सगळं बंद करून फक्त दोन हजार वॅटचा गीझर लावा, थंड पाण्यावर. दोन हजार वॅट म्हणजे तासाला दोन युनिट, म्हणजे ६,४०० लुकलुक, म्हणजे मिनिटाला १०७च्या आसपास. व्होल्टेज कमीजास्त असेल तर पाचदहा इकडेतिकडे. दीडशे आले तर लेखी तक्रार करा, मीटर तपासून मागा. शंभर आले तर मीटरला सोडा.

आता घरातले सगळे एमसीबी पाडा. दिवा लुकलुकणं थांबलं पाहिजे. बऱ्याच मीटरवर "अर्थ लोड" दाखवणारं एक वेगळं चिन्ह किंवा दिवाही असतो. तो लागला म्हणजे फेज आणि न्यूट्रलचा हिशेब जुळत नाही. आपल्याकडचे हल्लीचे मीटर चोरी पकडण्यासाठी दोन्ही वायरींतला करंट मोजतात आणि जो जास्त त्यावर युनिट लावतात. त्यामुळे लागून असलेल्या टेनामेंटमध्ये शेजाऱ्याचा दिवा तुमच्या न्यूट्रलवर चालत असेल, तर त्याचे युनिट तुमच्या बिलात येऊ शकतात, आणि दोघांच्याही मनात पाप नसतं. न्यूट्रलची भानगड सोडवली की आरसीसीबीही गप्प आणि बिलही.

एका रात्रीत टीव्ही, फ्रिज, राउटर सगळं गेलं

यालाही लोक "वीज कडाडली" म्हणतात. बऱ्याचदा रस्त्यावरच्या खांबाची न्यूट्रल सुटलेली असते. खांबावर तीन फेज असतात, दोन फेजमधलं अंतर ४०० व्होल्ट. न्यूट्रल मध्ये उभी राहून प्रत्येक घराला २३० वाटून देते. ती सुटली की वाटपच मोडतं. ज्या घरात लोड कमी त्याच्या वाट्याला साडेतीनशेच्या वर, ज्याचा एसी चालू त्याला शंभर. दिवे अचानक प्रखर झाले किंवा पंखा एकदम जोरात फिरायला लागला, तर कारण शोधत बसू नका, आधी मेन पाडा. जास्त आणि कमी व्होल्टेजला लाइन तोडणारं एक छोटं उपकरण डीबीत बसवता येतं. माझ्या मते स्टॅबिलायझरच्या आधी ते घ्यावं.

२०२४च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं त्यांच्यासाठी दोन ओळी. पुरात बुडालेला एमसीबी, आरसीसीबी, सॉकेट सुकवून वापरू नये, आतल्या गाळाने ते अडकतात. पाइपातली वायर मेगरने तपासूनच लाइन चालू करावी. आणि पुन्हा प्लास्टर करायचंच आहे तर खालचे सॉकेट कमरेच्या वर घ्या. दिसायला थोडं विचित्र दिसतं. दिसू दे.

"म्हणजे सगळं घर फोडायचं?"

नाही. लोक इथेच घाबरून विषय सोडतात. मी माझ्या घरी तीन टप्प्यांत केलं, मध्ये वर्षवर्ष गेलं.

पहिल्या टप्प्यात नवं अर्थिंग, आरसीसीबी आणि नवा डीबी. भिंत फोडायची नाही, दोन दिवसांचं काम. जीव वाचवणारा सगळा भाग यात येतो, म्हणून पैसे थोडेच असतील तर इथेच घाला. लोक नेमकं उलट करतात. आधी चकचकीत स्विचप्लेट, त्या मागे तीच १९७९ची वायर.

मग जड सर्किट. एसी, गीझर, स्वयंपाकघर, मोटर. प्रत्येकाला डीबीपासून स्वतंत्र वायर आणि हिरव्या अर्थसकट. यालाही भिंत फोडली नाही, छताच्या कडेने केसिंग-पट्टी मारली. दिव्यापंख्यांचं जुनं वायरिंग मी सगळ्यात शेवटी, रंगकामाच्या वेळी बदललं. त्यावर लोड कमी असतं, ते थांबू शकतं. फक्त तुमच्याकडे कापडात गुंडाळलेली रबराची वायर असेल, दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या जुन्या वाड्यांत अजून सापडते, तर तिला मुदत देऊ नका.

भाडेकरू असाल तर घरमालकाला निदान आरसीसीबीसाठी तयार करा. लोड वाढवायचं असेल तर वीज कंपनीत अर्ज करून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, त्याला परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागतो. लोक हे टाळतात. पण त्या निमित्ताने का होईना, कुणीतरी जाणकार तुमचं घर एकदा यंत्र लावून बघतो.

सोलर आणि स्कूटर

२०२४च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅट आणि त्यावर ७८ हजारांपर्यंत सबसिडी, त्यामुळे आमच्या गल्लीत अगाशा निळ्या होत चालल्यात. चांगलंच आहे. पण पॅनेलमुळे घरातलं वायरिंग सुधारत नाही. सोलरवाले पॅनेलकडचं, घराकडे येणाऱ्या एसी करंटच्या बाजूचं आणि आकाशातल्या विजेसाठीच्या वीजरोधकाचं असे वेगवेगळे अर्थिंग करतात, तेव्हाच त्यांना घराचा खड्डाही मोजून द्यायला सांगा. यंत्र तसंही त्यांच्या हातात असतं.

स्कूटरचं चार्जिंग कमी वाटतं, तीनचार अँपिअर. पण ते रोज चारपाच तास, सलग. इस्त्री दहा मिनिटांत बंद होते, ढिल्या सॉकेटला निवायला वेळ मिळतो. इथे मिळत नाही. म्हणून पोर्चमधल्या दिव्याच्या बोर्डातून एक्स्टेन्शन ओढू नये. स्वतंत्र सोळा अँपिअरचा सॉकेट, अडीचची वायर, पाऊस लागणार नाही अशी पेटी.

आणि काम चालू असेल तेव्हा प्लास्टर व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. पुढे खिळा ठोकताना त्याची किंमत कळते. डीबीच्या दारावर कुठला एमसीबी कशाचा ते लिहून ठेवा. मी मराठीत लिहिलं होतं, "स्वयंपाकघर", "देवघर", "मोटर". वायरमनभाईंनी खाली स्वतःच्या अक्षरात "रसोडुं" आणि "मंदिर" लिहिलं. "मोटर"खाली मात्र त्यांनी काही लिहिलं नाही.